संघर्षमुक्त

आधी आवाज आठवतो. घाटकोपरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात दहा-बारा लोखंडी तबकड्या एकाच वेळी फिरत असत आणि त्यांच्यातून एक बारीक, सलग, रेशमी सूं निघत असे. कुणीतरी दातांच्या फटीतून श्वास आत ओढत राहावं आणि तो सोडायचं विसरून जावं, तसा. हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या त्या यंत्राला तिथले कारागीर ‘घंटी’ म्हणत. शाळकरी वयात वडिलांचा डबा घेऊन मी पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा देवळातल्यासारखा नाद ऐकू येईल म्हणून जिन्यापासूनच कान टवकारले होते. घंटी वाजली नाही. फुसफुसली. एखाद्या शब्दाने मला दिलेला तो पहिला दगा.

वडील त्या कारखान्याचे रखवालदार होते. त्याआधी ते परळच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत. मग संप झाला, लांबला, आणि संपाबरोबर गिरणीही संपली. साच्यांच्या गडगडाटाने त्यांचा डावा कान तेव्हाच निकामी केला होता, त्यामुळे हिऱ्यांचा तो नाजूक सूंकार त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. दारातल्या स्टुलावर बसून ते मला म्हणत, “हयसर काम चालता काय पूजा चालता, ताच कळणा नाय.” मला मात्र सगळं कळत असे: तेलात कालवलेल्या हिऱ्याच्या भुकटीचा वास, तापलेल्या लोखंडाचा जिभेवर येणारा आंबूसपणा, आणि डबा उघडल्यावर या दोन्हींना दारातून हुसकावून लावणारा सुक्या बांगड्याचा दरवळ.

आता आम्ही तिघं नाहूरला राहतो. वडील ऐंशी ओलांडून पुढे गेले आहेत. मी मराठीत एम.ए. केलं, तेही कविता हा विषय घेऊन, म्हणजे पोटासाठी दुसरं काहीतरी करणं ओघानं आलंच. मी भाषांतरं करते: विम्याची पत्रकं, खोकल्याच्या औषधावरच्या सूचना, मिक्सर पहिल्यांदा वापरण्यापूर्वी घ्यायची काळजी. तिसरी माझी लेक. ती अंधेरीला नोकरी करते, आणि गेल्या वर्षी तिचं लग्न तिनेच ठरवलं.

साखरपुड्याची तारीख निघाली त्याच आठवड्यात माझ्याकडे एका जवाहिऱ्याच्या नव्या दालनाचं पत्रक भाषांतराला आलं, हा निव्वळ योगायोग. पत्रकात एक ओळ होती, की आमचे सर्व हिरे ‘कॉन्फ्लिक्ट-फ्री’ आहेत. दुकानाचे व्यवस्थापक फोनवर म्हणाले होते, “मॅडम, मराठी एकदम शुद्ध पाहिजे. आणि थोडी काव्यात्म.” मी लिहिलं: ‘आमचा प्रत्येक हिरा संघर्षमुक्त आहे.’ आणि जुन्या सवयीने, लय तपासण्यासाठी, मोठ्याने वाचलं.

शेजारच्या आरामखुर्चीतून वडिलांचा आवाज आला. उजवा कान अजून शाबूत आहे त्यांचा.

“संघर्षमुक्त? म्हणजे मालकाच्या बाजूचे.”

मी हसले, पण पेन खाली ठेवलं. गोष्ट खरी होती. आमच्या घरात ‘संघर्ष’ हा शब्द देव्हाऱ्यात ठेवण्याच्या लायकीचा. समिती संघर्षाची, सभा संघर्षाची. आई गेली तेव्हा शोकसभेत तिच्याबद्दल काढलेला सगळ्यात मोठा गौरवोद्गार म्हणजे ‘संघर्षात खंबीर साथ’. जो संघर्षातून मुक्त, तो या घराच्या व्याकरणात एक तर फितूर नाहीतर जावई.

मी दुसरे शब्द शोधू लागले. ‘कलहमुक्त’ लिहिलं, तर तो हिरा घेतल्यावर जावाजावांत भांडणं होणार नाहीत अशी हमी दिल्यासारखं वाटलं. ‘तंटामुक्त’ म्हटल्यावर ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा निळा रंगच डोळ्यांपुढे आला. ‘वादग्रस्त नसलेला हिरा’ निवडणुकीला उभा राहील. ‘रक्तहिरा’ तर आयुर्वेदिक काढा वाटत होता, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, कोमट पाण्यातून. शेवटी मी कोश उघडला, आणि तिथे एक मौज सापडली: संघर्ष या शब्दाचा मूळ अर्थ एकमेकांवर घासणं. हिऱ्याला हिऱ्याच्या भुकटीनेच घासून पैलू पाडतात. मग संघर्षमुक्त हिरा असूच शकत नाही. असेल तर तो जमिनीखालीच पडलेला, आंधळा, गारगोटीचा भाऊ. हे मी लेकीला सांगितलं. ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, “आई, प्लीज हे पत्रकात लिहू नकोस.”

रविवारी दुपारी जेवताना अंगठीचा विषय निघाला. बांगड्याचं तिखलं होतं, भात होता. लेक म्हणाली, “मला मोठं काही नको. पण एक सांगते हां, मला कॉन्फ्लिक्टवाला हिरा अजिबात नको. त्यापेक्षा मग लॅबमध्ये बनवलेला घेऊ, नाहीतर साधी सोन्याची.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणता ती?”

आणि मी, खोकल्याच्या औषधापासून मिक्सरपर्यंत सगळं मराठीत आणणारी मी, घास गिळून चोखपणे सांगितलं, “तिला संघर्षाचा हिरा नको आहे, बाबा.”

त्यांनी उरलेला भात संपवला. थोड्या वेळाने हात धुवायला उठले. मी ताट उचललं तेव्हा त्यात बांगड्याचं डोकं तसंच होतं. बांगड्याचं डोकं ताटात टाकून उठलेले वडील मी त्याआधी दोनदाच पाहिले होते: गिरणीला कायमचं कुलूप लागलं त्या दिवशी, आणि आई गेल्यावर घरात पहिल्यांदा मासळी शिजली त्या दिवशी.

चारच्या चहाला ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात एक पुडी होती. हिऱ्यांच्या धंद्यात कागद एका खास पद्धतीने दुमडून पुडी करतात, पाच घड्या, आत निळसर झिरमिरीत कागद. ओट्यावर, आल्याच्या तुकड्याशेजारी, त्यांनी ती हळूहळू उलगडली. आत तांदळाच्या कणीएवढा एक खडा होता. खिडकीतून येणारं ऊन त्याने गुपचूप घेतलं आणि सात वेगवेगळ्या दिशांना उधळून दिलं. एक ठिपका चहाच्या गाळणीवर, एक वडिलांच्या पांढऱ्या दाढीवर.

“काम सोडलंय तेव्हा सेठनं दिल्यान,” ते म्हणाले. “वीस वर्षां दारात बसलंय. मगे आणखी वीस वर्षां हो जपलंय, तुका पण सांगलंय नाय. नातीच्या लग्नात काढीन म्हटलं.” मग खड्याकडे बघत राहिले. “हो माजो संघर्षाचो हिरो.”

मालवणीत हिरा हा हिरो असतो. एरवी मला हसू आलं असतं.

“पण तुज्या लेकीक संघर्षाचो नको.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि माझ्या लक्षात आलं की मी फार बिकट जागी उभी आहे. खरा अर्थ सांगितला नाही, तर वडील उरलेलं आयुष्य असंच समजणार की नातीला त्यांच्या घामाची लाज वाटते. आणि सांगितला, तर वीस वर्षं जपलेल्या त्या कणीवर कायमचा संशय बसणार. भाषांतरकाराला ऐन वेळी शब्द सापडला नाही तर तो तळटीप देतो. मी खुर्ची ओढली आणि वडिलांना उजव्या बाजूने तळटीप द्यायला बसले.

सांगितलं ते इतकंच. आफ्रिकेतल्या काही देशांत हिरे नदीच्या गाळातच सापडतात. तिथे बंडखोरांच्या सशस्त्र टोळ्यांनी नद्यांचे काठ बळकावले. गावकऱ्यांना पाण्यात उतरवून, बंदुकीच्या धाकाने गाळ चाळायला लावला. जे निघालं ते विकलं आणि त्यातून आणखी बंदुका घेतल्या, म्हणजे युद्ध चालू राहिलं आणि गाळही चाळला जात राहिला. जे पळाले त्यांना मारलं, कित्येकांचे हात तोडले. अशा हिऱ्यांना इंग्रजीत ‘कॉन्फ्लिक्ट’चे हिरे म्हणतात. पुढे देशादेशांनी मिळून करार केला की कच्चा माल सीलबंद पेटीतून, दाखल्यासकट आला तरच घ्यायचा.

वडील ऐकत होते. कामगारांच्या बैठकीत बसावं तसे, हात गुडघ्यावर, मान किंचित कलती.

“मजुरी कोण देता?”

“बहुधा कुणीच नाही.”

“आणि बंदूक सरकारची आसली तर? सरकारी शिपायान मजुराक मारल्यान, तर त्या हिऱ्याक काय म्हणतत?”

मी फोनवर शोधलं. बराच वेळ शोधलं. करारातल्या व्याख्येत फक्त सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांचं नाव होतं. सरकारी बंदूक, कंपनीचा पहारेकरी, उपाशी मजूर, यांचा त्यात उल्लेख नव्हता. मी तसं सांगितलं.

“वाटलाच,” ते समाधानाने म्हणाले. कुठल्याही करारात फट कुठे असते ते त्यांना वासावरून कळतं. मग त्यांनी ओट्यावर बोट आपटलं. “तू शब्द चुकलंस, गो. संघर्षाक दोन बाजू लागतत. हयसर एकाच्या हातात बंदूक नि दुसऱ्याच्या हातात घमेला. ह्येका संघर्ष म्हणत नाय. ही लूट.”

लूट. दोन अक्षरं. मी दोन दिवस कोश चाळत होते आणि शब्द आरामखुर्चीत बसून होता.

त्याच संध्याकाळी मी व्यवस्थापकांना फोन केला. ‘आमचा एकही हिरा लुटीचा नाही’, ही ओळ वाचून दाखवली.

“मॅडम, लूट शब्द मस्त आहे,” ते म्हणाले. “पण तो आपण दसऱ्याला ठेवू. सोन्याची लूट, घडणावळीवर सूट. इथे लुटीचा नाही म्हटलं तर कस्टमरला वाटेल डिस्काउंट नाही.”

दुकानदारीच्या मराठीत लूट म्हणजे सवलत, हे मी विसरलेच होते. पत्रकात शेवटी देवनागरीत ‘कॉन्फ्लिक्ट-फ्री’च छापलं गेलं. माझं योगदान म्हणून त्याच्या आधी ‘झळाळते’ हे विशेषण आहे.

मी फोन ठेवून वळले तर वडील अजून ओट्याशीच होते. पुडी पुन्हा उघडी. चेहरा पालटलेला. लूट हा शब्द त्यांनीच शोधला होता, आणि आता तो त्यांच्याकडेच वळून बघत होता.

“मगे हो खंयचो?” त्यांनी विचारलं, म्हणजे हा खडा मग कुठला.

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. हातातून रोज हजारो खडे जाताना त्यांनी कुणी चोरत नाही ना एवढंच पाहिलं होतं. आत येण्याआधीच कुणी चोरले होते का, हा प्रश्न रखवालदाराला कुणी नेमून दिला नव्हता.

“लुटीचो आसलो तर मी चेडवाक देवचंय नाय,” ते म्हणाले आणि पुडीच्या पाचही घड्या परत घातल्या. एका दिवसात पारडं उलटलं होतं: दुपारी जेवताना नातीला हिरा नको होता, आता आजोबांना द्यायचा नव्हता.

दोन दिवसांनी आम्ही रिक्षाने घाटकोपरला गेलो. त्या इमारतीत आता कारखाना राहिलेला नाही. कचेरी आहे, गार हवा, काचेचा दरवाजा, आणि घंटीच्या आवाजाच्या जागी एअर कंडिशनरचा. सेठ वारले. त्यांच्या मुलाने वडिलांना ओळखलं, उठून पाया पडला, ताक मागवलं. लहानपणी वडिलांच्या स्टुलावर चढून तो गोळ्या मागायचा म्हणे. वडिलांनी पुडी टेबलावर ठेवली आणि विचारलं, हा कुठला.

त्याने भिंग डोळ्याला लावलं. “साफ आहे, काका. छान पाणी आहे. पप्पांनी चांगला दिलाय.”

“चांगला आहे ते मला दिसतं. आला कुठून?”

“आता काय सांगू? त्या टायमाला कोण विचारायचं? माल बेल्जियमवरून यायचा, सगळा मिक्स. दहा नद्यांचं पाणी एका बादलीत. आता कुठलं कुठलं ते देवाला पण नाही कळणार.” मग त्याला सुचलं. “सर्टिफिकेट पाहिजे काय तुम्हाला? मी लिहून देतो ना. कॉन्फ्लिक्ट-फ्री. आत्ता प्रिंट काढून देतो, ताक पिऊन होईपर्यंत.”

वडिलांनी ग्लास खाली ठेवला.

“खडा कुठचा ते माहीत नाही, आणि कागद देतोस?” ते म्हणाले. “आमच्या गिरणीत उलटं होतं बाबा. कापूस कुठचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या थकबाकीचा कागद शेवटपर्यंत मिळाला नाही.”

तो मोकळेपणाने हसला. चांगला माणूस आहे. वडिलांनी पुडी त्याच्याकडे सरकवली, “मग तूच ठेव हा,” म्हणाले. पण त्याने दोन्ही हात मागे घेतले. पप्पांनी दिलेलं परत घेतलं तर मला पाप लागेल, म्हणाला. पुडी टेबलावर थोडा वेळ अनाथ पडून राहिली. मग वडिलांनीच ती उचलून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, आणि परतीच्या रिक्षात नाहूर येईपर्यंत खिशावर हात ठेवून बसले. जपण्यासाठी की कोंडून ठेवण्यासाठी, ते कळत नव्हतं.

घरी लेक वाट बघत होती. एव्हाना तिला मी सगळं सांगितलं होतं. पहिल्यांदा ती माझ्यावर चिडली, “तू असं भाषांतर करतेस? लोक तुला काम कसं देतात?” मग आजोबांसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

“आजोबा, मला तो हवाय.”

“माका देवचो नाय.”

“पण तुम्ही वीस वर्षं माझ्यासाठीच ठेवलात ना?”

“तेव्हा माका म्हायत नव्हता.”

“अजून कुठे माहीत आहे? लुटीचा आहे असं तरी कुठे ठरलंय?”

“नाय असा पण ठरूक नाय.”

तिने मान वर केली. तिच्या आजीचा हट्ट तिच्या हनुवटीत उतरला आहे. मी तो ओळखते. मग म्हणाली, “ठीक आहे. तो आपण फेकून दिला, तर ज्याने तो नदीतून काढला त्याला काय मिळणार?”

“काय नाय.”

“आणि मी घातला तर?”

“तरी काय नाय.” वडिलांनी नाक ओढलं. “फक्त तू मिरवशीत. नि लोक म्हणतीत, काय सुंदर.”

वाटाघाटी तीन चहा चालल्या. मी मध्ये दोनदा तोंड घातलं आणि दोन्ही बाजूंनी मला गप्प बसवलं, म्हणजे मी मध्यस्थ म्हणून योग्य होते. अखेर वडिलांनी अट घातली. अंगठीत खडा बसवावा. पण कुणी कौतुक केलं, विचारलं, की कुठला हिरा, तर जे खरं ते सगळं सांगायचं: माहीत नाही, आणि का माहीत नाही. सासरच्यांनी विचारलं तरी. ऐन समारंभात विचारलं तरी. ‘आजोबांचा आशीर्वाद’ असलं गुळमुळीत काही चालणार नाही.

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर सोनाराकडे मी स्वतः येयन नि खडो काढून घेयन. अजून मी दिलंय नाय. तू काय बोलतंस ता आयकान, मगे ठरवीन.”

साखरपुडा बोरिवलीच्या एका हॉलमध्ये झाला. मोगऱ्याचे गजरे दुपारच्या उकाड्यात आधी सुगंध सोडत होते आणि मग धीर. कॉफीच्या किटलीला वेलदोड्याचा वास होता, आणि नव्या रेशमाच्या सळसळीत माणसांचे आवाज बुडून वर येत होते. वडिलांना मी पहिल्या रांगेत बसवलं. ते उठले आणि लेकीच्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसले, चांगला कान तिच्याकडे करून. मी त्यांच्या मागे उभी राहिले. हे लोक तीन पिढ्या बोरिवलीत, सगळे नोकरदार, सभ्य, हळू बोलणारे. त्यांच्यापुढे आमची मुलगी काय बोलणार होती ते मला ठाऊक होतं, आणि तिने ते बोलू नये असंही मला वाटत होतं, आणि तिने बोलावं असंही.

व्याहीणबाईंनी अंगठीचं बोट हातात घेतलं. खड्याने हॉलमधले सगळे दिवे गोळा करून त्यांच्या चष्म्यावर फेकले.

“अगं, किती पाणीदार आहे. कुठला घेतला?”

लेकीने एकदा आजोबांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, जणू त्यांचा या प्रकरणाशी संबंधच नव्हता.

“कुठला ते माहीत नाही, आई,” ती होणाऱ्या सासूला म्हणाली. “आजोबा हिऱ्यांच्या कारखान्यात वीस वर्षं रखवालदार होते, त्यांना सेठने दिला. त्या काळात आफ्रिकेत लोकांना बंदूक लावून, नदीत उतरवून असे हिरे काढायचे आणि त्यावर युद्धं चालवायचे. हा त्यातला असेल, नसेलही. आजोबा विचारायला गेले होते. तिथेही कुणाला माहीत नाही. कागद मिळत होता, तो त्यांनी घेतला नाही. म्हणून कुणी विचारलं तर एवढं सांगायचं ठरलंय.”

आजूबाजूच्या चार-पाच बायका थांबल्या. एकीच्या हातातली कॉफी वाटेतच राहिली. व्याहीणबाईंनी बोट सोडलं नाही. त्या बराच वेळ खड्याकडे बघत होत्या, जसं आपण एखाद्या पाहुण्याकडे त्याचं आडनाव कळल्यावर पुन्हा एकदा बघतो. मग त्यांचा दुसरा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला. तिथेही दोन हिरे होते, चांगले टपोरे.

“आणि ह्यांचं?” त्या हळूच म्हणाल्या. “ह्यांचं मी आजवर कुणाला विचारलंच नाही.”

“विचारूया,” लेक म्हणाली. “आजोबांना दुकानात न्यायचं फक्त. ताक चांगलं मिळतं.”

त्या हसल्या. खरंच हसल्या, मान मागे टाकून, आणि त्यांच्याबरोबर ती थांबलेली कॉफीही पुढे सरकली. मी वाकून वडिलांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, काय ठरलं.

त्यांनी आधी नातीच्या बोटाकडे पाहिलं, मग व्याहीणबाईंच्या कानांकडे, मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून ती रिकामी पुडी काढून माझ्या तळहातावर ठेवली, आणि म्हणाले:

“मंजूर.”